बसलेला कापूस

अमेरिकेहून परत आल्यावर आनंदने आधी नोकरी बदलली आणि मग कमरेएवढाले दोन लाकडी खोके घरात आणून ठेवले. स्पीकर आहेत म्हणाला. त्याच्या आईने, द्वारकाबाईंनी, ते खालून वर पाहिले, वाकून मागूनही पाहिले. एवढ्या लाकडात एक धड पलंग झाला असता, आणि पलंगासाठी वर आणखी तीन यंत्रं आणावी लागली नसती.

"कुठी ठेवतं हे धूड?" त्यांनी विचारलं. पुण्यात येऊन तीस वर्षं होऊन गेली होती, तरी त्यांची यवतमाळची बोली त्यांच्या नाकातल्या चमकीसारखी होती तिथंच होती.

"बाबांच्या खोलीत. ती रस्त्याच्या बाजूला नाही. शांत असते."

"वर्ष सरू दे."

वर्ष सरेपर्यंत खोके हॉलमध्ये चादर पांघरून उभे राहिले, नवस फेडायला आलेल्या दोन पाहुण्यांसारखे. मग आनंदच्या वडिलांचं, बापूरावांचं, वर्षश्राद्ध झालं, आणि त्याचे वडे जिरतात न जिरतात तोच खोके उचलून खोलीत गेले. द्वारकाबाई आडव्या आल्या नाहीत. दिलेला शब्द त्यांनी मार्केट यार्डातल्या हमालांशीही मोडला नव्हता, पोटच्या पोराशी काय मोडणार. एकच गोष्ट त्यांनी दारात उभं राहून सांगितली. "खोली तुही. पन खाटेले आन् गादीले हात लावू नको."

बिबवेवाडीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बापूराव चौदा महिने पडून होते. डावं अंग गेलेलं, बोलणं गेलेलं. एका कुशीवर टेकून ठेवायचं, तासाने वळवायचं, पुन्हा त्याच कुशीवर आणायचं, कारण दुसऱ्या कुशीवर त्यांना श्वास पुरत नसे. आनंद तेव्हा न्यू जर्सीत होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा, आणि द्वारकाबाई फोन बापूरावांच्या कानाला लावून धरायच्या. बाप ऐकायचा, मुलगा बोलायचा. शेवटी बापूराव गेले, आणि मुलाला रजा, तिकीट, पासपोर्टावरचा कसला तो शिक्का, हे सगळं जमेपर्यंत चौथा दिवस उजाडला होता. तो आला तेव्हा खाटेवर धुतलेली चादर होती.

त्या चादरीखाली गादीत एक खळगा होता. खांद्याला थोडा, कमरेला खोल, आणि पायाकडे नुसता असल्यासारखा. चौदा महिन्यांत माणसाने कापसात पाडलेला. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, कारण त्या गादीवर कुणी बसू नये असा द्वारकाबाईंचा दंडक होता आणि चादर त्या स्वतः घालायच्या. कडा आत न खोचता, हलक्या हाताने, खळग्यावर ताण येणार नाही अशी.

तेराव्याला शय्यादानासाठी त्यांनी नवी गादी आणून दिली होती. ही ठेवली. तेव्हा नणंद म्हणाली होती, "वहिनी, आजाऱ्याची गादी घरात ठेवू नये म्हणतात."

"आजाऱ्याचं घर ठेवता येते, आजाऱ्याची बायको ठेवता येते. गादीनंच काय घोडं मारलं?"

नणंद गप्प झाली. द्वारकाबाईंपुढे बोलून गप्प न झालेलं माणूस अजून यायचं होतं.

पण जीभ चालत होती म्हणून आत काही चालत होतं असं नाही. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो, आणि मग आपलाच गाल आपण चावला तरी कळत नाही, तसं आत होऊन बसलं होतं. दहा दिवस बायका त्यांच्या रडण्याची वाट पाहत बसल्या. त्याही पाहत बसल्या. रडू आलं नाही. तेराव्याचं गोड झालं, महिना झाला, दिवाळी गेली, भाजी महाग झाली, स्वस्त झाली. द्वारकाबाई जेवायच्या, झोपायच्या, सुनेला बोलायच्या. रोज सकाळी केर काढताना चादरीचं टोक उचलून खळगा आहे ना ते पाहायच्या. पाहून काही वाटायचं नाही. पण पाहायच्या. कधीतरी रडू येईल, त्याला काही मुहूर्त नाही, आणि येईल तेव्हा जायला एक जागा असावी, एवढंच त्यांनी स्वतःशी ठरवून ठेवलं होतं.

आनंदने खोलीत यंत्रं जोडली, तारा ओढल्या, आणि मधोमध नव्हे तर जरा अलीकडे एक खुर्ची ठेवली. खुर्ची मागे सरकवायला खाट आडवी येत होती. त्याने सीडी लावली. कुणी गवई होता. त्याने सूर लावला तो भिंतीवर गेला, खिडकीच्या सरकत्या काचेवर गेला, नव्या गुळगुळीत फरशीवर घसरला आणि सगळीकडून एकदम परत आला. स्वयंपाकघरात भाकरी थापणाऱ्या द्वारकाबाईंना वाटलं, मोरीत बसून गातोय की काय.

त्यात तबल्याचा डावा हात पडला की खोलीत कुठेतरी काहीतरी झिणझिणायचं. आनंद तीन दिवस त्याच्या मागे होता. लोखंडी कपाटाच्या दारात त्याने कागदाच्या घड्या कोंबल्या. भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. शोकेसच्या काचा काढून पेपरात गुंडाळल्या. बापूरावांच्या तसबिरीमागे कापूस लावला, आणि नंतर तसबीरही हॉलमध्ये नेली. झिणझिण होतीच. हिंजवडीच्या कंपनीत म्हणे तो लोकांच्या प्रोग्रामातल्या चुका शोधायचा आणि त्याचा पगार घ्यायचा.

चौथ्या दिवशी द्वारकाबाई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. तबला एकदा वाजू दिला.

"माळ्यावर. पुरनाच्या डब्याचं झाकन."

आनंद स्टुलावर चढला. झाकणाची मूठ ढिली होती. त्याने झाकण उतरवलं आणि झिणझिण थांबली.

"कसं कळलं तुला?"

"माह्या डब्याचा आवाज मले नाई कळन तर कोनाले कळन?"

झिणझिण थांबली, पण मोरी तशीच राहिली. मग आनंदने सदाशिव पेठेतून श्रीनिवासराव आणले. या गृहस्थांनी चाळीस वर्षं लोकांचे रेडिओ आणि रेकॉर्डी वाजवायची यंत्रं दुरुस्त केली होती, आणि आता निवृत्तीनंतर लोकांच्या खोल्या दुरुस्त करत फिरत होते. शनिवारी सकाळी ते स्कूटरवरून आले, जिना चढून आले, आणि आनंदच्या बायकोने, नम्रताने, चहाचं विचारलं तेव्हा म्हणाले, "घेऊन आलोय. नाश्ताही झालाय. म्हणजे कुणालाच संकोच नको."

नम्रता हसली. ती या घरात येऊन आठ वर्षं झाली होती, आनंद न्यू जर्सीत असतानाही ती इथेच होती, शाळेत शिकवायची, आणि फटकन बोलणाऱ्या माणसांची तिला आता सवय होती.

श्रीनिवासरावांनी यंत्रांकडे पाहिलंही नाही. खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि एक टाळी वाजवली. मग या कोपऱ्यात एक, त्या कोपऱ्यात एक.

द्वारकाबाई दारातच होत्या. "टाया कायले वाजवता? आरती हाये का?"

"आरती असती तर प्रसाद तरी मिळाला असता, बाई. खोली किती रिकामी आहे ते पाहतोय."

"मंग डोये कायले दिले देवानं?"

"डोळ्यांना सामान दिसतं. कानाला काय दिसतं ते वेगळं असतं. आपल्याला नाही कळायचं ते."

आता हे वाक्य श्रीनिवासराव पुण्यातल्या पन्नास घरांत बोलले असतील आणि पन्नास घरांत ते खपलं असेल. द्वारकाबाईंनी पदर खोचला.

"पुन्हा वाजवा," त्या म्हणाल्या.

त्यांनी वाजवली.

"आता तिकडं. खिडकीपाशी." वाजवली. "निम्मं गोदाम रिकामं हाये. खिडकीकडच्या अंगाले काईच नाई. मांगची भित तर उघडी बोडकी. कपाटाच्या अंगाले थोडं बरं हाये, तिथी गोधड्या ठेवल्या म्हनून."

श्रीनिवासराव चष्मा वर करून त्यांच्याकडे बघायला लागले.

त्यात नवल काही नव्हतं. द्वारकाबाई शाळेत दुसरीपर्यंतही धड गेल्या नव्हत्या. पण गुलटेकडीच्या मार्केट यार्डात बापूराव फाटकी पोती विकत घ्यायचे आणि त्या दाभण-सुतळीने ती शिवायच्या, तिथून सुरुवात करून दोघांनी बारदानाचं स्वतःचं दुकान केलं होतं, आणि मागे गोदाम. गोदाम पोत्यांनी भरलेलं असलं की दारातून मारलेली हाक दारातच मरायची. चार थप्प्या उचलल्या गेल्या की हाक थोडी आत जायची. रिकाम्या गोदामात शिंकलं तरी तीन माणसं शिंकल्यासारखी वाटायची. बापूराव पोती मोजायला आत जातच नसत. दारात उभं राहून "द्वारके" म्हणायचे, क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, "सहा थप्प्या गेल्या." मोजायला गेलं की सहाच भरायच्या. असं बावीस वर्षं. कान तयार व्हायला एवढं पुरतं.

त्यांनी हे तीन वाक्यांत सांगितलं. श्रीनिवासरावांनी ऐकून घेतलं आणि आनंदकडे वळले.

"आनंदराव, ते इंग्रजी पुस्तक तुम्ही मला दाखवलंत ना, खोली कशी असावी त्याचं?"

"हो."

"परत करा. पैसे देत असले तर."

त्यानंतर त्यांचा बाईंशी बोलायचा सूरच बदलला. ते द्वारकाबाईंना विचारत गेले, त्या सांगत गेल्या. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणा, मागे गोधडी सोडा. खिडकीला जाड पडदा, चुण्या भरपूर, अंगाला घट्ट नको. फरशीवर सतरंजी, आणि सतरंजीखाली दोन गोणपाटं, हे द्वारकाबाईंचं. आनंद वहीत लिहून घेत होता. चार-दोन वस्तू हलवल्या आणि गवयाचा आवाज मोरीतून उठून निदान ओसरीवर येऊन बसला.

"राहिली मागची भिंत," श्रीनिवासराव म्हणाले. "इथे जाड काहीतरी हवं. जाड आणि मऊ. आवाज आत गेला पाहिजे आणि आतच राहिला पाहिजे." बोलता बोलता ते खाटेपाशी आले आणि त्यांनी हात पुढे केला.

"हात नका लावू," द्वारकाबाई म्हणाल्या.

त्यांनी हात मागे घेतला. चादरीच्या बाहेर आलेल्या कडेकडे मात्र बघत राहिले. "कापूस ना?"

"कापूस. आमच्या इकडचा."

"चांगला आहे. पण बसलाय. फळी झालीय त्याची. बसलेला कापूस आवाज पीत नाही, परत फेकतो. पिंजून मोकळा केला आणि भिंतीला उभा लावला, तर या खोलीला दुसरं काही लागणार नाही."

"थे गादी हलनार नाई."

"नका हलवू. गादी आपली, गाणं यांचं. मी फक्त कान घेऊन आलोय." त्यांनी चपला घातल्या. "उद्या पाचला येऊन जातो पुन्हा. तोवर मायलेकांनी काय ते ठरवा."

ठरवायचं काय होतं. श्रीनिवासराव जिना उतरले आणि आनंदने सुरुवात केली.

"आई, त्या गादीवर कोणी झोपत नाही."

"झोपाले ठेवली नाई."

"मग कशाला ठेवलीये?"

कधीतरी मला रडू येईल, असं पोराला सांगणं म्हणजे पोराकडे काहीतरी मागणं झालं. "नवी घेऊन ये ना," त्या म्हणाल्या. "कमी कमवतं का?"

"नवी आणली तरी ही खाट कुठे नेऊ? दहा बाय बाराची खोली आहे. मला फक्त ही एक खोली नीट करायचीये. दिवसभर ऑफिसात लोक कानाशी बोलत असतात. मला घरी येऊन एक तास नीट ऐकायचंय. That's all."

"ऐक की. कोनी कान दाबले का तुहे?"

"तू ऐकूनच घेत नाहीस, आई."

"चौदा महिने फोन धरून कोन उभं होतं, सांग बरं?"

हे बोलायचं नव्हतं. ते बोलून गेल्यावर आनंदचा चेहरा झिजलेल्या नाण्यासारखा झाला, काही छापलेलंच नाही असा. तो खोलीत गेला आणि यंत्रं बंद करून खुर्चीत बसला. द्वारकाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि आमटीला फोडणी दिली. आपण वाईट बोललो हे त्यांना माहीत होतं. नुसतं माहीत होतं.

नम्रताने हे सगळं भांडी विसळता विसळता ऐकलं. तिला दोन्ही माणसं दिसत होती, आणि दोन्ही माणसांच्या मधे एक गादी दिसत होती. गाद्यांच्या बाबतीत या घरात एक कायदा होता, आणि तो द्वारकाबाईंचाच होता. दर दोन वर्षांनी प्रत्येक गादी उसवून, पिंजून, नव्याने भरून घ्यायची. लग्न होऊन आली त्या वर्षी नम्रताने एक गादी राहू दिली होती, तेव्हा तिला ऐकावं लागलं होतं, "मास्तरीनबाई, कापूस बसला का मानसाची हाडं धरते. तुह्या मायनं शिकवलं नाई का?" ती त्या गादीवर बसून रडली होती. त्यानंतर एकही गादी चुकली नाही. आणि ही गादी तर तीन वर्षं झाली, पिंजलेली नव्हती. आजारपणात कुठे वेळ होता, आणि नंतर हात लावायची सोय नव्हती.

नम्रताने हिशेब केला तो असा. आईंना गादी जायला नको आहे. ती नको जायला. आनंदला मोकळा कापूस हवा आहे. तो होऊ दे. गादी तीच, कापूस तोच, बाबांचाच, फक्त मऊ. आईंचा कायदाही पाळला जाईल. मग ती खाटेवर ठेवायची की भिंतीला लावायची, ते मायलेक शांतपणे ठरवतील. आईंना आधी विचारलं तर त्या नाही म्हणतील, कारण आजच्या भांडणात त्यांनी नाही म्हटलंय आणि म्हटलेलं त्या मागे घेत नाहीत. करूनच दाखवलं तर आतून खूश होतील, वरून चार शब्द बोलतील. ते ऐकून घेऊ.

इतक्या चांगल्या मनाने केलेल्या हिशेबात कुठेच चूक नव्हती. एक खळगा तेवढा तिला माहीत नव्हता. आणि तो दिसला असता तरी तिला काय दिसलं असतं? बसलेला कापूस.

रविवारी सकाळी द्वारकाबाई मंडईत गेल्या. भाजी दारावर येत होती, तरी त्या आठवड्यातून एकदा बस पकडून मंडईत जायच्याच. त्यांनी वांगी घेतली, अंबाडी मिळाली नाही म्हणून भाजीवाल्याला दोन शब्द सुनावले, लिंबं घेतली. परत आल्या तेव्हा अकरा वाजले असतील.

फाटकातूनच त्यांना तो आवाज आला. टणंग, टणंग, टणंग. पिंजाऱ्याच्या धनुकलीचा. पार्किंगच्या जागेत स्कूटरी बाजूला सारून जमिनीवर एक जुनं प्लास्टिक पसरलं होतं, त्यावर पिंजारी उकिडवा बसला होता, आणि त्याच्यापुढे कापसाचा ढीग होता. कापूस उडत होता, त्याच्या दाढीवर, भुवयांवर, स्कूटरीच्या आरशांवर. कुणाचं तरी काम चाललंय, द्वारकाबाईंनी मनात म्हटलं, आणि जिन्याकडे वळल्या. मग त्यांना बाजूला घडी करून ठेवलेली खोळ दिसली. निळे पट्टे, आणि एका कोपऱ्याला औषधाचा तपकिरी डाग.

त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"किती झालं?" त्यांनी पिंजाऱ्याला विचारलं.

"झालंच म्हणा, मावशी. शेवटचा हात. लई घट्ट बसला होता. असा पत्थर झाला होता मधे." त्याने तळहाताने हवेत दाखवलं. बरोबर कमरेएवढं. "तोडून तोडून काढला. पण माल अस्सल आहे. आता नाही येत असा."

"हो."

"बसा ना. पाणी सांगू का?"

"तू तुहं काम कर."

त्या उभ्या राहिल्या. ढिगाकडे बघत राहिल्या. या कापसातला कुठला कमरेखालचा आणि कुठला उशाकडचा, ते आता देवालाही सांगता आलं नसतं. त्यांनी वाट पाहिली. येणार असेल तर आता येईल, त्यांना वाटलं. याच्यावर आलं नाही तर मग कशावर येणार? टणंग, टणंग. वर कुठल्याशा मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. त्यांनी दोनदा डोळे मिटून उघडले. डोळे कोरडे होते, कापसाचा एक तंतू पापणीला लागला होता तेवढाच. तो त्यांनी बोटाने काढला.

नम्रता जिन्यातून उतरत आली ती हात पुसत, हसत. "आई, आलात का? बघा तरी केवढा फुललाय. म्हटलं, तीन वर्षं झाली, तुम्हाला किती चुकल्यासारखं वाटत असेल. खोळ धुणार होते, पण म्हटलं डाग बाबांच्या औषधाचा आहे, राहू दे. कापूस सगळा तोच घालायला सांगितलाय. नवा चिमूटभरही नाही."

तिच्या केसांत कापूस होता. चेहऱ्यावर घाम होता, आणि परीक्षेत पहिलं आलेल्या पोरीसारखं काहीतरी. द्वारकाबाईंच्या जिभेवर शब्द आला. एक वाक्य पुरलं असतं. तेवढ्या एका वाक्याने ही पोर जन्मभर कुठल्याही गादीला हात लावताना थबकली असती, आनंदने तिच्याकडे पाहताना ते आठवलं असतं, आणि खळगा काही परत आला नसता. द्वारकाबाईंनी आयुष्यात बोलायचे शब्द फार कमी वेळा गिळले होते. हा गिळताना त्यांना गिळल्याचंही फारसं कळलं नाही.

"आता किती पिंजत बसतं?" त्या पिंजाऱ्याकडे बघून म्हणाल्या. "भर लवकर. ऊन वर आलं."

बारा वाजता गादी वर आली. पिंजारी आणि आनंद दोघांनी मिळून आणली. खाटेवर टाकली तेव्हा ती तीन बोटं उंच झाली होती, गरगरीत, कडेपासून कडेपर्यंत सारखी. आनंदने तिच्यावर पालथा हात ठेवला. मग तो आईकडे न बघता म्हणाला, "राहू दे खाटेवरच. मी मागच्या भिंतीचं दुसरं काहीतरी बघतो. कालचं... मी ओरडायला नको होतं."

"भितीले लाव," द्वारकाबाई म्हणाल्या.

"काय?"

"त्या म्हाताऱ्यानं सांगतलं ना, उभी करून लाव. लाव."

"आई, खरंच? आणि खाट?"

"खाट कोनाले तरी देऊन टाक. वाचमनले विचार."

आनंद बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळलं. आईला गाणं पटलं, काल खोलीतला फरक तिने स्वतःच्या कानांनी ऐकला, म्हणून ती मऊ झाली, असं त्याने धरलं. त्याने ते तिला समजावूनही सांगितलं. कापसाच्या तंतूंमधे हवा असते, आवाज त्यात अडकतो, फिरतो, थकतो, असं. बापूराव कसे दारातून हाक मारून थप्प्या सांगायचे, ते त्याने लहानपणी पाहिलं होतं म्हणे, त्याला कालच आठवलं. द्वारकाबाई मान डोलावत होत्या. तो सांगत होता ते सगळं त्यांना ऐकू येत होतं. गादीने खोलीतला सगळा घणघणाट आताच खाऊन टाकला होता, आणि पोराचा शब्दन् शब्द सुटा, स्वच्छ येत होता. त्यांनी गादीकडे पाहिलं. गादी होती. सदाशिव पेठेतल्या कुठल्याही दुकानात मिळाली असती तशी.

आनंद खिळे आणि पट्ट्या आणायला बाहेर गेला. पाचला श्रीनिवासराव यायचे होते. खोलीत दोघी उरल्या.

नम्रता दारापाशी उभी होती. मघापासून ती सासूच्या चार शब्दांची वाट पाहत होती, आणि ते आले नव्हते. आठ वर्षांत असं झालं नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "माझं काही चुकलं का?"

द्वारकाबाईंनी गादीवरून हात फिरवला. कापूस हाताखाली दबला आणि हात उचलताच वर आला. पुन्हा दाबला. पुन्हा वर आला.

"टाके पाह्य," त्या म्हणाल्या. "वीतभर अंतरानं घातले त्यानं. अशी भितीले उभी केली तर महिन्याभरात सगळा कापूस तयाशी जाऊन बसन. वर नुसती खोळ लोंबन."

नम्रताने वाकून पाहिलं. टाके खरंच लांब होते. तिच्या खांद्यातला ताण उतरला. बोलणी खाल्ल्यावर इतकं बरं वाटलेलं माणूस द्वारकाबाईंनी पाहिलं नव्हतं.

"त्याला परत बोलावू का?"

"तो काय करते? उसव सगळे. दाभन आन माह्या पेटीतून, आन् सुतयी नको, जाड दोरा. चार बोटांवर एक टाका घालू."

"एवढ्या गादीला? पाच वाजतील."

"वाजू दे. तो म्हातारा खातपितच नाई, त्याले कायची घाई?"

दोघींनी गादी खाटेवर लांब कडेवर उभी केली. एका अंगाला द्वारकाबाई बसल्या, दुसऱ्या अंगाला नम्रता. मधे गादी, एकमेकींची तोंडं दिसत नव्हती. द्वारकाबाईंनी दाभण टोचलं आणि जोर लावून आरपार ढकललं.

"आलं का?"

"आलं," पलीकडून नम्रता म्हणाली. कापसातून तिचा आवाज बारीक, लांबून आल्यासारखा येत होता.

"ओढ."

दोरा ताणला गेला.

"अजून. घट्ट ओढ. भ्यू नको."

नम्रताने ओढला. गादी तेवढ्या जागी आत गेली आणि आतच राहिली. द्वारकाबाईंनी त्या जागेवर बोट ठेवून पाहिलं. मग तिथून चार बोटं मोजली आणि पुढचा टाका घातला.